कोअ‍ॅक्सियल प्रोबने टेफ्लॉनचा लॉस निगेटिव्ह येतोय आणि दुधाचे आकडे रोज बदलतात, प्रोब खराब झालाय का?

प्रोब खराब नाहीये, निदान तुम्ही जे लिहिलंय त्यावरून तरी वाटत नाही. तुम्ही म्हणताय की 3 मिमीच्या टेफ्लॉन शीटवर प्रोब टेकवला की लॉस टॅन्जंट (मटेरियल किती पॉवर गिळतं त्याचं माप) शून्याच्या खाली जातो, दुधाचं रीडिंग सकाळी एक आणि दुपारी भलतंच, आणि गाईड म्हणतायत नवीन प्रोबचं कोटेशन मागवा. कोटेशन आधी थांबवा. मी पुण्यात आरएफ (रेडिओ फ्रिक्वेन्सी) मटेरियल टेस्टिंगचं काम करतो, या दोन्ही तक्रारी घेऊन येणारे एमटेक-पीएचडीवाले कायम भेटतात, आणि दोन्हीची कारणं वेगवेगळी आहेत.

ओपन एंडेड प्रोब म्हणजे काय, तर सपाट कापलेली (मध्ये तार, भोवती धातूची नळी अशी) कोअ‍ॅक्सियल लाइन. तिच्या तोंडाशी फील्ड थोडंसं बाहेर सांडतं, समोरच्या मटेरियलमध्ये शिरतं, आणि परत येणाऱ्या वेव्हचं मॅग्निट्यूड आणि फेज बदलतं. व्हीएनए, म्हणजे वेव्ह पाठवून परत आलेली तपासणारं यंत्र, एवढंच मोजतो. त्यावरून डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट (म्हणजेच परमिटिव्हिटी, मटेरियल फील्डची ऊर्जा किती साठवतं ते) आणि लॉस (किती गिळतं ते; याला डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंटने भागलं की लॉस टॅन्जंट) काढायचं काम सॉफ्टवेअर करतं, तेही असं गृहीत धरून की समोर एकसारखं मटेरियल आहे, मागे लांबपर्यंत पसरलेलं आहे आणि मध्ये हवा नाही. यातलं एकही गृहीतक मोडलं तर सॉफ्टवेअर काही एरर देत नाही हो, ते गुमान आकडा छापून मोकळं होतं.

आता टेफ्लॉन. त्याचा लॉस टॅन्जंट असतो साधारण 0.0003, आणि या प्रोबची लॉस टॅन्जंटमधली अनिश्चितताच 0.05 च्या घरात धरतात. इतक्या कमी लॉसच्या मटेरियलमधून जवळजवळ सगळी पॉवर परत येते, म्हणजे रिफ्लेक्शन 1 ला चिकटलेलं, आणि लॉस काढायचा तो त्या 1 मध्ये जी बारीकशी घट झालीये तिच्यातून. केबल जरा हलली किंवा एसीचा झोत कनेक्टरवर आला आणि ते रिफ्लेक्शन 1 च्या किंचित वर दिसलं की सॉफ्टवेअरच्या हिशेबाने तुमचं टेफ्लॉन पॉवर तयार करायला लागतं, म्हणून निगेटिव्ह. टेफ्लॉनच कशाला, एफआर-फोरचा (सर्किट बोर्डचं मटेरियल) 0.02 सुद्धा याने भरवशाने निघणार नाही. लो लॉससाठी रेझोनंट कॅव्हिटी किंवा स्प्लिट पोस्ट रेझोनेटर लागतो, ते काम या प्रोबवर लादू नका.

शिवाय तुमची शीट 3 मिमीचीच आहे. कीसाइट कंपनीच्या हाय टेम्परेचर प्रोबसाठी नियम आहे की सँपलची जाडी 20 भागिले परमिटिव्हिटीचं वर्गमूळ, एवढ्या मिमीपेक्षा जास्त हवी. टेफ्लॉनचे 2.1 घाला, उत्तर येतं साधारण 14 मिमी. तुमचा प्रोब बारीक असेल तर एवढी जाडी लागणार नाही, पण अंदाजावर जायची गरजच नाही. शीटखाली आधी अ‍ॅल्युमिनियमची प्लेट ठेवून रीडिंग घ्या, मग प्लेट काढून थर्माकोल ठेवून घ्या. दोन आकड्यांत फरक दिसला म्हणजे तुम्ही टेफ्लॉनबरोबर टेबलही मोजताय. दुधाला हा प्रॉब्लेम नाही, तिथे हेच गणित अडीच मिमीच्या आत संपतं.

दुधाचं दुखणं मला वाटतं निम्मं कॅलिब्रेशनमध्ये आहे आणि निम्मं टेम्परेचरमध्ये. कॅलिब्रेशन म्हणजे आधी तीन माहीत असलेल्या गोष्टी मोजायच्या: ओपन (टोक हवेत), शॉर्ट (टोकावर धातूचा ब्लॉक) आणि डीआय वॉटर (क्षार काढलेलं शुद्ध पाणी). ओपनला काही नाही, टोक कोरडं पाहिजे एवढंच. शॉर्ट मात्र बघून लावा. कमी फ्रिक्वेन्सीला स्मिथ चार्टवर (व्हीएनएचा रिफ्लेक्शन दाखवणारा गोल आलेख) ओपन जिथे होता त्याच्या साधारण समोर ट्रेस गेला पाहिजे, आणि ब्लॉक बोटाने हलका दाबल्यावर ट्रेस सरकत असेल तर शॉर्ट नीट बसलेलाच नाहीये, पुसून परत लावा. खरी गंमत पाण्यात आहे. सॉफ्टवेअर तुम्हाला पाण्याचं टेम्परेचर विचारतं आणि निम्मे लोक तिथे 25 तसंच ठेवून पुढे जातात. पाण्याचा स्टॅटिक (म्हणजे अगदी कमी फ्रिक्वेन्सीचा) डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट 20 डिग्रीला 80 च्या आसपास, 25 ला 78.4, 30 ला साधारण 76.6, म्हणजे तिथे फार मोठा फरक नाही असं वाटतं, पण लॉस बघा, 2.45 गिगाहर्ट्झला 20 डिग्रीवर तो 10 च्या थोडा वर असतो आणि 30 डिग्रीवर 8 च्या आसपास येतो. चांगला पाव हिस्सा कमी! मे महिन्यात दुपारी लाइट गेली, एसी बंद, बीकरमधलं पाणी 31 वर आणि सॉफ्टवेअरमध्ये 25, अशा कॅलिब्रेशनवर दूधच काय काहीही मोजलंत तरी लॉस चुकणारच. थर्मामीटर पाण्यातच ठेवा, रूम टेम्परेचर म्हणून भिंतीवरचा आकडा घालू नका.

पाण्यात (आणि नंतर दुधात) प्रोब बुडवताना टोकाशी बुडबुडा अडकतो, सपाट तोंड वरून सरळ खाली घातलं की हमखास. प्रोब तिरका करून घाला, आत गेल्यावर सरळ करा, मग काचेच्या बीकरखालून मोबाईलचा टॉर्च मारून टोक बघा. पाण्यात चंदेरी ठिपका लगेच दिसतो. दुधात काही दिसत नाही, तिथे एकच उपाय, काढून पुसून परत बुडवा आणि आकडे जुळतात का बघा. डीआय वॉटर थोडा वेळ ठेवलं की त्यातली विरघळलेली हवा बारीक बुडबुडे होऊन प्रोबला चिकटते, म्हणून उकळून गार केलेलं वापरलं तर बरं.

आणि केबलला कॅलिब्रेशननंतर हात लावायचा नाही. म्हणजे प्रोब स्टँडला पक्का आवळायचा आणि बीकरच लॅब जॅकवर ठेवून खालून वर आणायचा. तुम्ही प्रोब हातात धरून बीकर ते बीकर फिरवत असाल तर तुमचे सकाळ-दुपारचे आकडे न जुळण्याचं कारण इथेच मिळालं.

दुधात पाणी ओळखायचं हा तुमचा विषय आहे असं लिहिलंय तर एक सांगतो, नुसत्या डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंटच्या मागे लागू नका. दूध मुळातच 87 टक्के पाणी, त्यात आणखी पाणी घातलं तर तो आकडा हलून हलून किती हलणार, आणि या प्रोबची अचूकताच साधारण 5 टक्के. दुधातले क्षार मात्र पातळ होतात, ते कंडक्टिव्हिटीत (वीज वाहून नेण्याच्या क्षमतेत) दिसतं, आणि कंडक्टिव्हिटीचा लॉसमधला वाटा फ्रिक्वेन्सी कमी होईल तसा वाढतो. कंडक्टिव्हिटी 0.5 सीमेन्स प्रति मीटर धरली तर 2.45 गिगाहर्ट्झला हा वाटा जेमतेम 3.7 येतो आणि 200 मेगाहर्ट्झला तोच 45 च्या आसपास. म्हणून प्रोब झेपेल तितक्या खालच्या फ्रिक्वेन्सीपासून स्वीप (फ्रिक्वेन्सी वाढवत सलग रीडिंग) घ्या आणि लॉसचा पूर्ण कर्व्ह ठेवा. अर्थात पाण्याबरोबर कोणी मीठही टाकलं तर हा कर्व्ह परत वर येतो, तेव्हा थिसिसमध्ये "भेसळ ओळखणारं यंत्र" वगैरे लिहायच्या आधी मिठाचंही एक सँपल करून बघा, व्हायव्हात कोणीतरी विचारणारच. टेम्परेचर इथेही आहेच, कंडक्टिव्हिटी दर डिग्रीला साधारण 2 टक्क्यांनी वाढते, त्यामुळे फ्रिजमधून काढलेलं आणि टेबलावर राहिलेलं दूध शेजारी शेजारी मोजून काही कळणार नाही. वॉटर बाथ लागेलच. आणि ढवळून लगेच मोजा, साय वर येऊन प्रोबला बसली की तुम्ही फॅट मोजताय.

कॅलिब्रेशन बरोबर झालं का हे पाण्यानेच तपासू नका, ज्याच्यावर कॅलिब्रेट केलं ते बरोबर दिसणारच की. मेथॅनॉल घ्या (फ्यूम हूडमध्ये, विषारी आहे आणि पेट घेतं), डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट 25 डिग्रीला कमी फ्रिक्वेन्सीला 32-33 आणि 2.45 गिगाहर्ट्झला 22 च्या आसपास आलं पाहिजे. इंग्लंडच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीने रेफरन्स लिक्विड्सची 5 गिगाहर्ट्झपर्यंतची कोष्टकं टेम्परेचरनुसार काढलेली आहेत, मॅट 23 नावाचा रिपोर्ट, तो शोधून प्रिंट काढून भिंतीला लावा.

तुम्ही लातूरचे आहात म्हणून अजून एक. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठात आणि संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात लिक्विड्सच्या डायइलेक्ट्रिकवर टाइम डोमेन रिफ्लेक्टोमेट्रीने बरंच काम झालंय, म्हणजे स्वीप न करता एक फास्ट पल्स कोअ‍ॅक्सियल लाइनमधून सोडायचा आणि परत आलेल्या पल्सचं फूरिए (पल्स वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सींत फोडायचं गणित) करून सगळ्या फ्रिक्वेन्सी एकदम काढायच्या. गाईडना सांगून तिथल्या फिजिक्स डिपार्टमेंटला एक मेल टाका आणि त्यांच्याकडे मोजता येतंय का विचारा. तुमचंच मेथॅनॉल दोन्ही पद्धतींनी मोजलं आणि आकडे जुळले तर गाईडसमोर ठेवायला तुमच्याकडे ग्राफ असेल, आणि कोटेशनचा विषय तिथेच मिटेल.