सेफ्टी कमिटीवरच्या कामगारांना ट्रेनिंग द्यायचंय तर पीपीटी बाजूला ठेवा

तुम्ही विचारलंय की प्रेस शॉपमधले (जिथे मशीनखाली पत्रा दाबून आकार देतात) सहा कामगार सेफ्टी कमिटीवर घेतलेत, एचआरने ट्रेनिंगला एक दिवस दिलाय, तर कुणाकडे तयार पीपीटी आहे का. माझ्याकडे आहे पण देणार नाही, कारण मी तसल्याच पीपीटीवर शिकलो आणि त्याचं पुढे काय झालं ते आधी ऐका.

भोसरीला एका कंपनीत (नाव नको) मी कामगारांकडून कमिटीवर होतो. ट्रेनिंग म्हणजे कॉन्फरन्स रूममध्ये चार तास, आगीचे प्रकार, हेल्मेट, सुरक्षा शपथ, चहा, सर्टिफिकेट. आमच्या पॉवर प्रेसला दोन्ही हातांनी दोन बटणं दाबली की मगच स्ट्रोक पडायचा (प्रेस वरून खाली आदळायचा), म्हणजे हात डायच्या, म्हणजे साच्याच्या, बाहेरच राहणार. एका प्रेसच्या डाव्या बटणात कुणीतरी वॉशर घालून वरून काळी टेप गुंडाळली होती, बटण कायमचं दाबलेलं, मग एका हाताने जॉब (दाबायचा तुकडा) ठेवायचा आणि दुसऱ्याने स्ट्रोक मारायचा, टार्गेट लवकर उरकतं. ती टेप मी तीन आठवडे रोज बघत होतो. चूक आहे हे कळत होतं, पण सांगायचं कुणाला, आणि सांगितलं न् त्या प्रेसवरच्या पोरालाच मेमो मिळाला तर, हे कुणी शिकवलंच नव्हतं. चौथ्या आठवड्यात सेकंड शिफ्टला त्याची दोन बोटं गेली. त्या महिन्याच्या कमिटी मीटिंगच्या मिनिट्समध्ये 'धोका आढळला नाही' असं लिहिलंय आणि खाली माझी सही आहे.

म्हणून आता मी शिकवतो तेव्हा पहिला दिवस शॉप फ्लोअरवरच. दोघादोघांना एका मशीनसमोर अर्धा तास उभं करायचं, बोलायचं नाही, फक्त ऑपरेटरचे हात बघायचे. मग त्याला विचारायचं, पण 'सगळं सेफ आहे ना' असं विचारलं तर तो हो म्हणूनच मोकळा होतो. विचारायचं की जॉब डायमध्ये अडकला की कसा काढतोस? डाय सेट करताना मेन स्विच बंद करतोस का, आणि दुसऱ्या कुणी चालू करू नये म्हणून कुलूप कुणाकडे असतं? एवढ्या दोन प्रश्नांत जे बाहेर येतं ते कुठल्याच चेकलिस्टमध्ये नसतं. आवाजाचं पण तसंच, आपल्याकडे आठ तासांसाठी मर्यादा ९० डेसिबलची आहे पण मीटर नसला तरी हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागतंय का एवढं बघायला शिकवा, लागत असेल तर मोजायची मागणी करा.

दुसरं म्हणजे उपाय काय मागायचा. नवीन प्रतिनिधी हमखास ग्लोव्हज मागतो, आणि ड्रिल मशीनवर तर ग्लोव्हज फिरत्या ड्रिलमध्ये ओढला जातो, म्हणजे उलट हातच जाणार. आधी धोका काढूनच टाकता येतो का, नाही तर गार्ड किंवा सर्किट बदलून अडवता येतो का, आणि पीपीई (ग्लोव्हज, हेल्मेट असली अंगावर घालायची साधनं) सगळ्यात शेवटी, हा क्रम त्यांच्या स्वतःच्या मशीनवर लावून दाखवा. आमच्या त्या प्रेसचं खरं उत्तर नोटीस नव्हतंच, वायरिंग अशी करायची की एक बटण अडकवून ठेवलं तर स्ट्रोक पडणारच नाही. अपघातानंतर ते केलं, आधीही करता आलं असतं.

मग लिहायला शिकवा, यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो. 'हाऊसकीपिंग सुधारावे' याला काही अर्थ नाही. 'प्रेस नं. ४, डाव्या बटणाला टेप, सेकंड शिफ्ट, तारीख अमुक, मेंटेनन्सने शुक्रवारपर्यंत काढून सर्किट तपासावे' असं पाहिजे. ऑपरेटरचं नाव लिहायचं नाही, कधीच नाही, एकदा प्रतिनिधी चुगल्या करतो असं पसरलं की त्याला पुन्हा कुणी काही सांगत नाही. मीटिंगची पण प्रॅक्टिस घ्या, एकाला मॅनेजर बनवा, तो म्हणेल बजेट नाही, बाकीच्यांनी उत्तर द्यायचं. पहिल्यांदा सगळे गप्प बसतात. तीनचार वेळा करा.

कायदा अर्ध्या तासात सांगा पण सांगाच. भोपाळ झालं १९८४ ला, त्यानंतर १९८७ च्या दुरुस्तीने फॅक्टरी ॲक्टमध्ये कलम ४१ जी आलं, धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यात कमिटीवर कामगार आणि मॅनेजमेंट समसमान. ४१ एच म्हणजे जिवाला धोका दिसला तर मॅनेजरला आणि त्याच वेळी सरकारी फॅक्टरी इन्स्पेक्टरलाही कळवता येतं, आणि १११ ए मध्ये तर ट्रेनिंग मिळणं हाच कामगाराचा हक्क म्हणून लिहिला होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून फॅक्टरी ॲक्टच्या जागी कामगार सुरक्षेची नवी संहिता लागू झाली, कलमांचे नंबर बदलले, पण कमिटी आणि धोका कळवायचा हक्क तिच्यातही आहेत. बाहेरचा कोर्स पाहिजे असेल तर शीवची केंद्रीय श्रम संस्था आहे, राष्ट्रीय सुरक्षा परिषद आहे, पण ते पुढे, आधी आपली मशीन.

सहात कंत्राटी कुणी आहे का ते बघा. डाय साफ करायला, स्क्रॅप ओढायला तीच पोरं असतात, बरीचशी ओडिशा बिहारची, त्यांच्यातलाच एक प्रतिनिधी घ्या आणि ट्रेनिंग त्याला समजेल अशा हिंदीत ठेवा. आणि एचआरला सांगा सगळं एकाच दिवसात कोंबून चालणार नाही, दोन-दोन तासांचे चार दिवस द्या, शिफ्टच्या वेळेत, पगार न कापता. पहिली फेरी सेकंड शिफ्टच्या शेवटच्या तासाला ठेवा, टार्गेट अंगावर आलेलं असतं आणि साहेब घरी गेलेले असतात तेव्हा.