फेडोरा कोअरओएसवर इग्निशनची फाइल बदलून सर्व्हर रीबूट केला, तरी बदल लागू का होत नाहीत?

फाइलमध्ये नवा वापरकर्ता जोडूनही रीबूटनंतर तो दिसला नाही, असे आपण लिहिले आहे. त्यात फाइलचा दोष असेलच असे नाही. फेडोरा कोअरओएस ही कंटेनर चालवण्यासाठीची लिनक्स प्रणाली आहे, आणि इग्निशन हे तिची सुरुवातीची मांडणी करणारे साधन. ते पहिल्या बूटच्या वेळी एकदाच चालते, आणि तेही इनिटरॅमएफएस या बूटच्या सुरुवातीच्या तात्पुरत्या फाइलप्रणालीत, म्हणजे नेहमीच्या सेवा सुरू होण्याआधी. डिस्कचे पार्टिशन, फाइली, वापरकर्ते, सिस्टमडीची (सेवा सुरू करून सांभाळणाऱ्या प्रणालीची) युनिट्स ही सारी मांडणी त्या एकाच फेरीत होते आणि पुढच्या बूटमध्ये ते पुन्हा चालत नाही. त्या फेरीत चूक आढळली, तर यंत्र अर्धवट अवस्थेत सुरू न होता आपत्कालीन शेलवर थांबते, आणि मला हा या रचनेचा सर्वांत मोठा गुण वाटतो.

त्यामुळे फाइल बदलली की जुना सर्व्हर काढून त्या फाइलवरून नवा उभा करावा. मलाही सुरुवातीला हे टोकाचे वाटले होते. पण चालू यंत्रात हाताने केलेल्या दुरुस्त्या फाइलमध्ये कधीच उतरत नाहीत, आणि काही महिन्यांनी तेच यंत्र पुन्हा घडवता येत नाही. डेटाची चिंता असेल, तर तो वेगळ्या डिस्कवर ठेवून ती व्हार डिरेक्टरीखाली माउंट करावी. फाइलप्रणालीचा प्रकार आणि लेबल जुळत असतील व पुसण्याचा पर्याय बंद असेल, तर इग्निशन जुनी फाइलप्रणाली तशीच वापरते, आणि पुसण्याचा पर्याय मुळात बंदच असतो.

इग्निशनला जेसन या स्वरूपातील फाइल लागते, परंतु ती हाताने लिहू नये. वाचायला सोप्या यॅमल स्वरूपात लिहून बुटेन या साधनाने त्याचे जेसनमध्ये रूपांतर करावे. जेसनमध्ये अष्टमान संख्या लिहिता येत नाहीत, म्हणून 0644 ही परवानगी तेथे 420 अशी द्यावी लागते. मी एकदा थेट 644 लिहिले होते. त्याचा अष्टमान अर्थ 1204 होतो, आणि त्या फाइलच्या मालकालाच ती वाचण्याची परवानगी उरली नाही. बुटेन हे रूपांतर स्वतः करते, शिवाय स्ट्रिक्ट पर्याय दिला तर इशारा मिळाला तरी ते काम थांबवते.

कंटेनरसाठी पॉडमॅन या कंटेनर चालवणाऱ्या साधनाची क्वाडलेट फाइल (जिच्यावरून सिस्टमडीचे युनिट आपोआप बनते) ईटीसीमधील कंटेनर्सच्या सिस्टमडी डिरेक्टरीत ठेवावी. तिच्यापासून बनणारे युनिट बुटेनमध्ये एनेबल करता येत नाही. ते बूटच्या वेळी सुरू व्हावे म्हणून क्वाडलेट फाइलमध्येच इन्स्टॉल विभाग लिहावा लागतो.

पासवर्ड किंवा खासगी की मात्र या फाइलमध्ये कधीही ठेवू नये, कारण क्लाउडवर ती युझर-डेटा, म्हणजे यंत्र उभे करताना सोबत द्यायचा मजकूर, म्हणून दिली जाते आणि अनेक ठिकाणी यंत्रावरील साध्या प्रक्रियेलाही क्लाउडच्या मेटाडेटा सेवेतून (यंत्राला स्वतःची माहिती पुरवणाऱ्या सेवेतून) वाचता येते. सर्व्हरवर फाइल नेण्यापूर्वी ती क्यूईएमयूच्या आभासी यंत्रात एकदा बूट करून पाहावी. आपला नवा वापरकर्ता तेथे पहिल्याच बूटला दिसायला हवा.