ठिबकचं अनुदान: दलाल नेमका कुठे शिरतो?

प्रश्न: महाडीबीटीवर (राज्य सरकारच्या अनुदानाच्या पोर्टलवर) ठिबक सिंचनाचा अर्ज भरून घेतला आहे. ‘नंबर लावून देतो, पैसेही लवकर काढून देतो’ म्हणत एक जण पाच हजार मागतोय. द्यावेत का?

उत्तर: देऊ नका. नंबर कुणालाही लावता येत नाही. पूर्वी संगणकीय सोडत व्हायची. 2025 पासून ‘प्रथम अर्ज, प्रथम प्राधान्य’ आहे. त्यामुळे फार्मर आयडी (शेतकरी ओळख क्रमांक) काढून अर्ज लवकर भरणं, एवढंच आपल्या हातात.

आधी अर्जावरचा मोबाइल नंबर बघा. भरून देणारा पुष्कळदा स्वतःचाच टाकतो. मग निवडीचा मेसेज त्याला जातो, तुम्हाला पत्ताच नसतो, कागदपत्रांची मुदत सरत येते आणि हा ‘काम करून आणलं’ म्हणत दारात उभा! नंबर स्वतःचा करून घ्या, ओटीपी कुणाला सांगू नका.

पूर्वसंमती (खरेदीआधीची सरकारी मंजुरी) हातात पडेपर्यंत नळ्या घेऊ नका. बिलाची तारीख संमतीच्या आधीची निघाली की प्रस्ताव अडतो, आणि ‘साहेबांना बघावं लागेल’ हे वाक्य तिथूनच सुरू होतं.

अनुदान अल्प-अत्यल्प भूधारकांना 80 टक्के, इतरांना 75 टक्के. पण ते दुकानदाराच्या बिलावर नसतं. क्षेत्र आणि दोन लॅटरलमधलं (पिकाच्या ओळीतल्या नळ्यांमधलं) अंतर यांवरून ठरलेल्या खर्चमर्यादेवर ते काढतात. बिल जास्त असलं तर हातात कमी पडल्यासारखं वाटतं. ती कुणी खाल्लेली रक्कम नव्हे.

पोर्टलवर ‘वितरित’ दिसतंय, खात्यात काही नाही? आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची (अनुदानासाठी आधार कोणत्या खात्याशी जोडलाय याची) स्थिती तपासा. आधार अनेक खात्यांना जोडलेला असला तरी अनुदान सर्वांत शेवटी सीडिंग केलेल्या एकाच खात्यात जातं. ते जुनं, विसरलेलं खातं असू शकतं; तिथलं पासबुक आधी भरून आणा.

राहिली मोका तपासणी, म्हणजे ठिबक बसवल्यावर शेतात होणारी पाहणी. इथे मात्र माणूसच शेतात येतो, त्यामुळे मागणी झालीच तर इथे होते. तपासणीची तारीख लिहून ठेवा. त्यानंतरही अर्ज त्याच टप्प्यावर अडून राहिला, तर अर्ज क्रमांक घालून तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या, पोच घ्या. कुणी पैसे मागितले तर द्यायच्या आधी लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या 1064 वर फोन करा. 2018 च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. बळजबरीने द्यावी लागली असेल तर 7 दिवसांच्या आत कळवावं लागतं.