कार्यक्षमता आणि न्याय यांत कायम एकाचाच बळी द्यावा लागतो का?

नाही. पॅरेटोच्या कसोटीला (कुणाचंही नुकसान न होता कुणाचं तरी भलं झालं, तर बदल चांगला) न्यायाशी देणंघेणंच नसतं, हे तुम्ही वाचलं असेलच. १९३९ मध्ये काल्डोर आणि हिक्स या अर्थशास्त्रज्ञांनी ती सैल केली: ज्यांचा फायदा झाला ते इतरांचा तोटा भरून देऊ शकत असतील, तर बदल चांगला. प्रत्यक्षात भरून दिलाच पाहिजे अशी अट नाही. सगळी गोम इथे आहे.

आमचं गाव पुरंदर तालुक्यातलं. उपसा योजनेचं पाणी कसं वाटायचं, यावर मारुतीच्या देवळात बैठक बसली. नायगावला विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर उभी केलेली पाणी पंचायत सगळ्यांना ठाऊक होती: माणशी अर्ध्या एकराचं पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं, भूमिहीनालाही हिस्सा, आणि ऊस बंद. वडील म्हणाले, तसंच करू. आमचे दाजी (बहीण गावातच दिलेली) अर्थशास्त्राचे पदवीधर, रान पाइपलाइनच्या तोंडाशी. ते उठले. म्हणाले, "ज्याच्या रानात जास्त पैसा होतो त्याला पाणी द्या. गावाचं एकूण उत्पन्न वाढेल, मजुरांनाही काम मिळेल." एका भूमिहीन मावशींनी विचारलं, "मग माझ्या वाटणीचे पैसे कोण देणार?" दाजी म्हणाले, "देता येतील इतका फायदा होईल." देणार का, ते बोलले नाहीत. पाणी एकरावर वाटलं गेलं, दाजींचा ऊस उभा राहिला, मावशींना आजवर रुपया मिळालेला नाही.

बरं, ते कार्यक्षम तरी होतं का? दाजी हिशेब एकरी मांडतात. आमच्याकडे जमीन पडून आहे, तुटवडा पाण्याचा. हिशेब पाण्यावर मांडायला हवा. उसाला वर्षभर पाण्याच्या पाळ्या द्याव्या लागतात. त्यातल्या एका पाळीचं पाणी कोरडवाहू ज्वारीला पोटरीत (कणीस बाहेर पडण्याआधी) असताना मिळालं, तर पीक हाताला लागतं. म्हणजे माणशी वाटप न्याय्य होतंच, शिवाय पाण्याच्या हिशेबात बरंचसं कार्यक्षमही. उत्पन्नाला जे खरोखर अपुरं आहे त्याने भागायचं की आपल्याला सोयीचं आहे त्याने, हे कुणी ठरवलं ते आधी बघा.

माणशी वाटपातही अडचणी आहेत, हे खरं. राखण लागते, वीजबिलाची वर्गणी थकते, हिस्सा असून रान नसेल तर दुसऱ्याचं वाट्याने करावं लागतं. आणि अर्थशास्त्रज्ञ ओकनने १९७५ मध्ये म्हटलेली गळक्या बादलीची गोष्ट खोटी नाही. श्रीमंताकडून गरिबाकडे नेताना काही सांडतंच. पण आमच्याकडे बादली उचललीच नाही.

परीक्षेसाठी विचारत असाल तर अमर्त्य सेन यांचा १९७० चा उदारमतवादी पॅरेटोवाला सिद्धान्तही (व्यक्तिस्वातंत्र्य आणि पॅरेटोची कसोटी दोन्ही नेहमीच एकत्र पाळता येत नाहीत) लिहा, गुण मिळतात. घरातल्या वादासाठी विचारत असाल, तर "एकूण उत्पन्न वाढलं" म्हणणाऱ्याकडे भरपाईची वही मागा. दाजी हे उत्तर वाचतात, मला माहीत आहे. दाजी, वही?