लग्नपत्रिकेवर गणपती, कलश, स्वस्तिक का छापतात?
गणपती विघ्नहर्ता, कुठल्याही कार्यात पहिला मान त्याचा, म्हणून तो सगळ्यात वर. कलश म्हणजे पाणी, आंब्याची पानं आणि वर नारळ, भरल्या घराची खूण, पूजेला मांडतात तोच कार्डावर येतो. स्वस्तिक शुभचिन्ह. पण आमच्या बेळगाव-खानापूर भागात खरा मान कुलदैवताचा, कुणाची सौंदत्तीची यल्लम्मा, कुणाचा जोतिबा, कुणाचा रवळनाथ, ते नाव 'प्रसन्न' लावून वर घालतातच, कार्ड मराठीत असू दे नाहीतर कन्नडमध्ये. आणि पहिली पत्रिका कोपऱ्यांना हळदकुंकू लावून देवापुढे ठेवायची, मगच वाटायला काढायची. फक्त पाकिटावर देवाचा फोटो घेऊ नका हो, लग्न झालं की पाकिटं कचऱ्यात जातात, पायाखाली येतात, बघवत नाही. आत छापा.