लघवीतले रक्त थांबले, तरी तपासणी कशासाठी?

प्रश्न : माझे पती ४७ वर्षांचे असून शिवाजी उद्यमनगरात त्यांचे लेथचे छोटे वर्कशॉप आहे. गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या लघवीतून रक्त गेले. दुखत काहीच नव्हते, त्यामुळे उन्हाळी लागली असेल असे समजून घरात सब्जाचे पाणी सुरू केले आणि दोन दिवसांत रक्त थांबलेही. दिवाळीच्या सुमारास पुन्हा तसेच झाले, तेव्हा सोनोग्राफीत मूत्राशयात गाठ दिसली. ती दुर्बिणीतून काढली. रिपोर्टमध्ये ‘टी-वन, हाय ग्रेड’ असे लिहिले आहे. आता डॉक्टर तीच शस्त्रक्रिया पुन्हा करायची, नंतर मूत्राशयात बीसीजीचे औषध सोडायचे आणि दर तीन महिन्यांनी दुर्बिणीने पाहायचे, असे सांगतात. ह्यांचे म्हणणे, गाठ निघाली, रक्त थांबले, मग हे सगळे कशाला? ते कोणाशी नीट बोलत नाहीत आणि विडीही सुटलेली नाही.
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ताई, तुमच्या पतींची शंका रास्त आहे आणि तिचे पूर्ण उत्तर त्यांना मिळायलाच हवे, कारण पुढची काही वर्षे वेळच्या वेळी दवाखान्यात जाणे हाच त्यांच्या उपचाराचा मोठा भाग असणार आहे.

मूत्राशयाच्या भिंतीला आतून एक पातळ अस्तर असते, त्याखाली एक मऊ थर आणि त्याखाली जाड स्नायू असतो. ‘टी-वन’ म्हणजे कर्करोगाची गाठ अस्तर ओलांडून मधल्या थरात उतरली आहे, पण स्नायूपर्यंत गेल्याचे दिसलेले नाही; ‘हाय ग्रेड’ म्हणजे तिच्या पेशी आक्रमक, झपाट्याने वाढणाऱ्या आहेत. पहिल्या वेळी गाठ खरवडताना तिचा काही भाग मागे राहणे ही दुर्मीळ गोष्ट नाही, आणि तपासायला पाठवलेल्या तुकड्यात स्नायूच आला नसेल, तर तो निरोगी आहे असे पॅथॉलॉजिस्टला छातीठोकपणे सांगता येत नाही. म्हणून साधारण दोन ते सहा आठवड्यांत त्याच जागी पुन्हा दुर्बीण घालतात. पुढच्या भेटीला जाताना ‘तुकड्यात स्नायू आला होता का?’ हा प्रश्न कागदावर लिहून न्या. आजार स्नायूत शिरलेला निघाला, तर मूत्राशय काढण्याचा किंवा किमोथेरपीसह रेडिएशनचा विचार करावा लागतो आणि सगळी दिशाच बदलते.

बीसीजी म्हणजे क्षयाविरुद्ध तान्ह्या बाळाला टोचतात तीच लस, मात्र बरीच मोठ्या मात्रेत आणि थेट मूत्राशयात. कॅनडातील डॉ. आल्वारो मोरालेस यांनी १९७६ मध्ये या उपचाराचे निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि आजही अशा गाठींसाठी तो पहिल्या पसंतीचा उपचार आहे. त्याने मूत्राशयातली प्रतिकारशक्ती जागी होते आणि ती उरल्यासुरल्या कर्कपेशींवर तुटून पडते. केस गळत नाहीत. आठवड्यातून एकदा, असे सहा डोस असतात. बारीक नळीतून औषध आत सोडतात, नळी काढतात आणि सुमारे दोन तास लघवी रोखून धरायची असते. त्यानंतरचे सहा तास बसूनच लघवी करावी आणि प्रत्येक वेळी भांड्यात ब्लीच ओतून पंधरा मिनिटांनी पाणी सोडावे, म्हणजे घरातल्या इतरांना त्या जंतूंचा उपद्रव होत नाही. एक-दोन दिवस जळजळ, वारंवार लघवी आणि कणकण अपेक्षितच असते. पण ताप १०१ च्या वर गेला, थंडी वाजून आली किंवा दोन दिवसांत उतरला नाही, तर हवापालट झाली असेल म्हणून क्रोसिनवर भागवू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. लघवीत रक्त दिसत असेल किंवा जंतुसंसर्ग असेल, तर त्या आठवड्याचा डोस पुढे ढकलावा लागतो, म्हणून ते लपवू नये.

आता तुमच्या मूळ शंकेकडे येते. या आजारात रक्त आपोआप थांबते आणि महिनोन्‌महिने दिसतही नाही. तुमच्या घरी सब्जाला जे श्रेय मिळाले ते त्यामुळेच. काढलेली गाठ पुन्हा उगवण्याची शक्यता मात्र खरोखर मोठी असते आणि हाय ग्रेड गाठ खोलवर जाऊ शकते. तशी नवी गाठ लहान असतानाच सापडावी, म्हणून पहिली दोन वर्षे दर तीन महिन्यांनी, पुढे पाच वर्षे पूर्ण होईपर्यंत सहा महिन्यांनी आणि नंतर वर्षातून एकदा दुर्बिणीची तपासणी करतात. बीसीजीचेही अधूनमधून डोस एक ते तीन वर्षे चालू ठेवतात. तारखा वर्कशॉपच्या सुट्टीला धरून आधीच ठरवून घेतल्या, तर ऑर्डरी अडत नाहीत. खर्चाची काळजी असेल, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत यातले काय बसते, हे योजनेतील रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड आणि आधारकार्ड दाखवून विचारावे.

विडीबद्दल स्पष्टच लिहिते. धुरातली विषारी द्रव्ये मूत्रपिंडांतून लघवीत उतरतात आणि मूत्राशयात तासन्‌तास साचून राहतात. या कर्करोगाचे सुमारे निम्मे रुग्ण तंबाखूच्या धुरामुळे होतात. विडी चालू राहिली, तर गाठ परतण्याचा धोका वाढतो. रोज टोकल्याने पुरुष चोरून ओढू लागतात, म्हणून १८००-११-२३५६ या राष्ट्रीय तंबाखूमुक्ती क्रमांकावर त्यांना स्वतः बोलू द्या, आणि निकोटीनच्या च्युइंगमबद्दल डॉक्टरांना विचारा.

त्यांच्या गप्प राहण्यामागे बहुधा न विचारलेला एक प्रश्न असतो. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने आणि बीसीजीने सहसा पुरुषत्व जात नाही. डोसनंतर आठवडाभर निरोध मात्र वापरावा. माझे मत असे की हे तुम्ही सांगण्यापेक्षा त्यांना डॉक्टरांसमोर एकट्याने पाच मिनिटे बसू द्यावे.

प्रश्न : मी इचलकरंजीत प्रोसेस हाऊसच्या रंगखात्यात अनेक वर्षे काम केले. मलाही दुर्बिणीची तपासणी करून घ्यावी लागेल का?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : रंगांच्या कारखान्यातील कामगारांना मूत्राशयाच्या गाठी होतात, हे जर्मनीतील शल्यविशारद लुडविग रेन यांनी १८९५ मध्येच दाखवून दिले होते. पुढे बेंझिडीनसारख्या द्रव्यांचा दोष सिद्ध झाला, आणि संपर्क सुटल्यावर कित्येक वर्षांनीही आजार उद्भवू शकतो. तरीही त्रास नसताना केवळ धास्तीने दुर्बीण घालण्याची गरज सहसा नसते. तुमच्या डॉक्टरांना हे काम किती वर्षे केले आणि विडी-सिगारेट ओढता का, हे आवर्जून सांगा, लघवीची साधी तपासणी किती वर्षांनी करावी ते त्यांच्याकडून ठरवून घ्या, आणि लघवी एकदाही लाल झाली, तर ती पुन्हा होण्याची वाट न पाहता त्याच आठवड्यात मूत्ररोगतज्ज्ञांना दाखवा.