सायमन्स क्वेस्टची वकिली करणार आहेस, तर आधी हे वाच

अगं,

तुझा लेख वाचला. दोनदा वाचला. पहिल्याच ओळीत तू लिहिलंयस की कॅसलव्हेनिया २ म्हणजे सायमन्स क्वेस्ट, ड्रॅक्युलाला मारणाऱ्या शापित सायमनचा गेम, हा एनईएसवरचा (निन्टेन्डोच्या त्या जुन्या गेम-यंत्रावरचा) सगळ्यात भारी गेम आहे आणि ज्यांना तो आवडत नाही त्यांना तो कळलाच नाही. मी तिथेच थांबलो. असं लिहिलंस ना की समोरच्याला काहीच करावं लागत नाही, तो फक्त 'डेबोरा क्लिफ' (गेममधला तो बदनाम कडा) एवढे दोन शब्द म्हणणार आणि तुझी केस खलास. आणि खरं सांगू का, त्याचं चुकतही नाही.

मीसुद्धा या गेमची बाजू घेत बरीच वर्षं भांडलोय, म्हणून सांगतो. लोकांना आधी हे दिसलं पाहिजे की गेमची वाट कुठे लागलीय ते तुला त्यांच्यापेक्षा जास्त माहितीये. मग ते ऐकतात. वरवर उलटं वाटेल, पण तू दोष लपवलेस की तेच दोष हातात घेऊन लोक तुझ्या मागे लागतात, त्यापेक्षा तू स्वतःच सगळे टेबलवर काढून ठेव आणि मग एकेक उचलून विचार, हा दोष नेमका कुणाचा?

डेबोराचंच घे. लाल क्रिस्टल निवडायचा, त्या कड्याच्या टोकाला जाऊन गुडघ्यावर बसायचं, काही सेकंद तसंच बसून राहायचं, मग एक वावटळ येते आणि तुला उचलून पलीकडे नेते. हे आपलं आपण कुणाला सुचणार? तोपर्यंतच्या बहुतेक गेममध्ये गुडघे टेकण्याचा असा उपयोग नव्हता, खाली वाकायचं ते वार चुकवायला. आणि गावात एक माणूस तर चक्क सांगतो की डेबोरा क्लिफवर डोकं आपट, भोक पडेल. मी आपटलं. हसू नकोस, एक अख्खी संध्याकाळ मी उड्या मारून मारून भिंतीला धडका देत होतो, आणि मग गेम बंद केला तो कित्येक वर्षं परत लावलाच नाही. इशारा होता, एका पुस्तकात लाल क्रिस्टल घेऊन कड्यावर थांब असं आहेही, पण ते पुस्तक दडवलेलं, आणि तोपर्यंत इतक्या लोकांनी इतक्या थापा मारलेल्या असतात की खरी गोष्टही थापच वाटते.

तुझ्या लेखात मला सगळ्यात जास्त काय हवं होतं तर हे थापांचं प्रकरण, आणि तू ते एका वाक्यात उडवून लावलंस, 'भाषांतर वाईट होतं' म्हणून. तेवढ्यावर भागत नाही. गावकरी खोटं बोलतात हे जपानी मूळ गेममध्येसुद्धा मुद्दाम केलेलं आहे. म्हणजे कल्पना अशी की हा शापित मुलुख आहे, लोक घाबरलेले आहेत, परक्या माणसावर कुणाचा विश्वास नाही, काही मदत करतील, काही उगाच पिल्लू सोडून देतील, आणि कोण कसं ते तू ओळखायचं. १९८७ साली ही कल्पना! त्या काळात गेममधला माणूस काही बोलला की ती काळ्या दगडावरची रेघ, खेळणारा डोळे झाकून विश्वास ठेवायचा. इथे कुणीतरी ठरवलं की विश्वास हीच एक अडचण करू या.

पण मग घोळ कुठे झाला? खोटं पकडता यायचं तर खरं घट्ट असावं लागतं. चार माणसांचं बोलणं एकमेकांशी जुळतंय आणि पाचव्याचं जुळत नाही, तर पाचवा थापाड्या, असं काहीतरी हातात लागायला हवं. इंग्रजीत येताना खरे इशारेच इतके मोडले की खरं आणि खोटं एकाच आवाजात बोलायला लागले. ते प्रसिद्ध वाक्य आहे ना, कबरस्तानातल्या बदकाकडून रेशमी पिशवी घे म्हणजे जास्त जगशील. आता तिथे बदक बिदक काही नाहीये. कबरस्तानात लसूण ठेवायचा, मग एक जण प्रकट होतो आणि पिशवी देतो. म्हणजे हा माणूस खरं बोलत होता बिचारा! भाषांतराने त्याला वेडा ठरवला. हे दोन वेगळे दोष आहेत बघ, भाषांतराचा दोष वेगळा आणि डिझाइनचा वेगळा, कारण भाषांतर अगदी झकास असतं तरी खोटं पडताळायची सोय गेमने पुरेशी दिलेली नाही असं माझं मत आहे. हे लिही. हे लिहिलंस की वाचणारा म्हणेल, हिला कळतंय.

आता तू ज्यावर तुटून पडलीयस ते जेम्स रोल्फ प्रकरण, म्हणजे जुन्या गेमवर विनोदी व्हिडिओ करणारा तो माणूस. २००४ साली त्याने जो पहिला रागावलेला व्हिडिओ केला, ज्यातून पुढे त्याचं अँग्री व्हिडिओ गेम नर्ड हे पात्र उभं राहिलं, तो याच गेमवर होता हे खरं, आणि आज अर्ध्या लोकांनी गेम न खेळता तो व्हिडिओ बघूनच मत बनवलंय हेही खरं. पण त्याच्यावर तीन पॅरे कशाला? तो माणूस हा गेम लहानपणी खेळून वैतागलेला होता, त्याने काढलेल्या चुका गेममध्ये आहेतच, दिवस मावळताना येणारी ती पाटी दर वेळी खेळ थांबवून एकेक अक्षर करत उमटते ती मलाही डोक्यात जाते. विनोद करणाऱ्याशी भांडून कुणी जिंकत नाही. एक ओळ लिही आणि पुढे जा.

त्या पाटीवरून आठवलं, रात्र. तुझ्या लेखात रात्रीवर फक्त चार ओळी आहेत, आणि माझ्या मते सगळा गेम त्या रात्रीतच आहे. विचार कर, तू गावाच्या वाटेवर आहेस, जीव थोडाच उरलाय, गावात चर्चमध्ये गेलं की पूर्ण भरून मिळेल, आणि गाव दोन स्क्रीनवर असताना ती पाटी येते, 'व्हॉट अ हॉरिबल नाइट टू हॅव अ कर्स'. झालं. चर्च बंद, दुकानं बंद, रस्त्यात माणसांऐवजी झॉम्बी, आणि बाहेरचे सगळे शत्रू दुप्पट चिवट, एका फटक्यात मरणारा आता दोन फटके घेतो. म्हणजे जे गाव आपलं हक्काचं होतं तेच हातातून गेलं. पण त्याच वेळी रात्री हार्ट्सही जास्त पडतात, आणि हार्ट्स म्हणजेच इथले पैसे, त्यातूनच नवा चाबूक, क्रिस्टल, सगळं. मग तू काय करशील, कोपऱ्यात उभी राहून पहाट होण्याची वाट बघशील की बाहेर पडून कमावशील? आणि मेलीस, आणि कंटिन्यू केलंस, तर जमवलेले हार्ट्स शून्य, अनुभवाचे पॉइंट शून्य. एवढासा गेम, पण रात्र झाली की पोटात गोळा येतो. आज मोठमोठ्या गेममध्ये दिवस-रात्र असते आणि बहुतेक वेळा फक्त आकाशाचा रंग बदलतो.

आणि हा वेळ नुसता देखावा नाही, मोजला जातो. हवेल्यांच्या आत घड्याळ थांबतं, बाहेर आलीस की चालू. सात दिवसांत किंवा त्याआधी संपवलंस तर एक शेवट, आठ ते चौदा दिवसांत दुसरा, पंधरा किंवा जास्त लागले तर तिसरा. पहिल्यांदा खेळताना कुणाचाच पंधराच्या आत होत नाही, माझा तर किती झाला ते मी सांगणार नाही. पण दुसऱ्यांदा खेळताना, रस्ते पाठ झाल्यावर, गेम एकदम वेगळाच होतो, मग तू आखायला लागतेस की या हवेलीत रात्र पडायच्या आत शिरायचं, इथे वाट वाकडी करायची नाही, हे विकत घेणं टाळता येईल का. ज्यांनी शिव्या दिल्या त्यातल्या बहुतेकांनी तो दुसऱ्यांदा खेळलेलाच नसतो. त्यांना दोष देत नाहीये मी. पहिल्या वेळेलाच इतकं छळल्यावर दुसऱ्यांदा कोण येणार.

संगीतावर तू छान लिहिलंयस, त्याला हात लावू नकोस. फक्त एवढं घाल की 'ब्लडी टियर्स' ही धून पहिल्यांदा इथे आली, दिवसा बाहेर फिरताना वाजते ती, केनिची मात्सुबाराची, आणि पुढे मालिकेतल्या कितीतरी गेममध्ये ती परत परत वापरली गेली. म्हणजे ज्या गेमला नावं ठेवतात त्याचीच धून सगळे गुणगुणतात.

बॉसचं मात्र काहीही समर्थन करू नकोस, प्लीज. डेथ! साक्षात मृत्यू समोर उभा आहे आणि तू त्याच्या शेजारून चालत निघून जाऊ शकतेस. त्याला मारलंस तर सोन्याचा सुरा मिळतो, आणि तो सुरा शेवटी ड्रॅक्युलावर फेकत राहिलं तर त्या बिचाऱ्याला हलताही येत नाही. हे फसलंय, सरळ फसलंय म्हण आणि सोड. तू जे लिहिलंस की 'बॉस सोपे ठेवून गेम प्रवासावर भर देतो' ते वाचून मला हसू आलं, असं प्रत्येक चुकीला तत्त्वज्ञान चिकटवलं की जिथे खरंच काही विचार आहे तिथेही लोक विश्वास ठेवत नाहीत. थापाड्या गावकऱ्यांसारखी तुझी गत होईल.

आणि खरा विचार कुठे आहे सांगू? शेवटच्या वाड्यात. सायमनने ड्रॅक्युलाला मारून सात वर्षं झालीत, शाप मात्र सायमनच्या अंगात आहे, म्हणून तो ड्रॅक्युलाची बरगडी, काळीज, डोळा, नख आणि अंगठी असे पाच अवशेष पाच हवेल्यांतून गोळा करतो, ते जाळायला. आणि हे अवशेष नुसते गोळा करायचे नाहीयेत, ते तू वापरतेस! बरगडी ढाल होते, डोळ्याने लपलेली पुस्तकं दिसतात, काळीज दाखवलं की नावाडी वेगळ्या ठिकाणी नेतो. म्हणजे ज्याला संपवायचंय त्याच्याच तुकड्यांवर तुझा प्रवास चाललाय. मग सगळं घेऊन तू वाड्यात शिरतेस, आधीच्या गेममधला तो वाडा जिथे पावलापावलावर मरायला व्हायचं, आणि आत कुणीच नाही. एक शत्रू नाही. पडझड झालेल्या भिंती, तू आणि खाली खाली जाणाऱ्या पायऱ्या. मी पहिल्यांदा तिथे पोचलो तेव्हा मला वाटलं गेम बिघडला. दर वळणावर चाबूक तयार ठेवून चाललो होतो आणि काहीही झालं नाही, आणि ती भीती मला भरलेल्या वाड्यात कधी वाटली नव्हती. यावर तू एक शब्द लिहिलेला नाहीस! तुझ्या लेखाची सुरुवात इथून होऊ शकते बघ.

इतिहासाचं जरा बेताने घे. तू म्हणतेस की मोकळं फिरणारे सगळे गेम यातून आले, तसं नाहीये, मेट्रॉइड १९८६ चा आहे, आणि झेल्डा २ पण १९८७ लाच आला, तोही बाजूने दिसणारा, गावं असलेला, अनुभवाचे पॉइंट देणारा. हवेत ते होतंच. एवढं मात्र खरं की १९८९ मध्ये तिसरा कॅसलव्हेनिया आला तो परत लेव्हलमागून लेव्हल या पद्धतीवर गेला, रस्त्याला फाटे फुटले तरी, आणि एका मोठ्या मुलखात फिरत सामान जमवत, ताकद वाढवत जाण्याचा प्रकार गाजला तो १९९७ मध्ये सिम्फनी ऑफ द नाइटमध्ये. दहा वर्षं आधी कुणीतरी त्या वाटेने जाऊन ठेचकाळलं होतं, एवढंच म्हण, पुरेसं आहे.

अजून एक, तू कुठली आवृत्ती खेळलीस ते लेखात सांगितलंच नाहीस. जपानमध्ये हा ऑगस्ट १९८७ मध्ये फॅमिकॉमच्या (एनईएसचं जपानी रूप) डिस्कवर आला, तिथे प्रगती डिस्कवर सेव्ह व्हायची, अमेरिकेत १९८८ च्या डिसेंबरमध्ये कार्ट्रिज आलं त्यात लांबलचक पासवर्ड. फॅन लोकांनी नवीन भाषांतर घातलेली, ती पाटी झटपट जाणारी आवृत्तीही केलीय. आणि २०१९ च्या कॅसलव्हेनिया ॲनिव्हर्सरी कलेक्शनमध्ये सेव्ह स्टेट आहेत, म्हणजे हवा त्या क्षणी खेळ जपून ठेवायची सोय. सेव्ह स्टेट वापरून खेळलीस आणि वर लिहिलंस की गेम एवढा काही छळत नाही, तर लोक तुला धरतील. आणि बरोबर धरतील. वापर, पण सांग.

नवीन माणसाला खेळायला सांगताना तर सरळ म्हण की नकाशा जवळ ठेवा, अडलात तर उत्तर बघा, लाज वाटून घेऊ नका. कोडी स्वतः सोडवण्यात या गेमची मजा नाहीच. रस्ता माहीत असताना अंधार पडायच्या आत पोचण्यात आहे.

लेख परत लिहून पाठव. लांबी अर्धी कर, आणि ते 'कळलाच नाही' पहिलं काढ.

तुझा,
दादा

ता. क. एक विचारायचं राहिलंच, तुझा शेवट कुठला आला होता? लेखात तू शेवटांबद्दल गप्प आहेस त्यावरून मला वाटतं पंधराच्या पुढेच गेली असशील. माझे बावीस झाले होते, घे, सांगितलं.